इजोटी पाठ असलेली मुलं आणि बुद्धिमत्ता चाचणी

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात जा आणि स्कॉलरशिपचं गाईड मागा, दुकानदार चार-पाच प्रकाशनांची गाईडं काउंटरवर टाकेल आणि विचारेल की बुद्धिमत्तेचं वेगळं पाहिजे का सगळं एकत्र चालेल. बुद्धिमत्तेचं खरंच वेगळं पुस्तक मिळतं. त्यात संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, दिनदर्शिका, आरशातली प्रतिमा अशी प्रकरणं असतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या युक्त्या क्लासमध्ये घोटून घेतात. इंग्रजी अक्षरांचे नंबर लक्षात राहावेत म्हणून 'इजोटी' पाठ करायचं, म्हणजे ई पाचवं, जे दहावं, ओ पंधरावं, टी विसावं, वाय पंचविसावं, मग मधलं कुठलंही अक्षर दोन सेकंदात सापडतं. घड्याळ आरशात कसं दिसेल असं विचारलं तर ११:६० मधून दिलेली वेळ वजा करायची, ३:४० असेल तर उत्तर ८:२०, आरसा डोळ्यासमोर आणायची गरजच नाही.

आता जिला ही वजाबाकी माहितीये ती पोरगी तो प्रश्न दहा सेकंदात सोडवणार, आणि जिला माहिती नाही ती बिचारी डोक्यात काटे उलटे फिरवत बसणार, आणि खरं तर आरशातली प्रतिमा मनात फिरवता येते का हेच त्या प्रश्नाला बघायचं होतं. म्हणजे जी बुद्धी वापरते तिला वेळ पुरत नाही आणि जिला युक्ती पाठ आहे तिला दोन मार्क. प्राथमिक शाळेच्या स्कॉलरशिपच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, १०० मार्कांचे. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे, घेणारी राज्य परीक्षा परिषद आपल्या पुण्यातच आहे, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना 'आपण हुशार आहोत का' याचं पहिलं सरकारी उत्तर याच पेपरातून मिळालंय. म्हणून हा विषय मला नुसता मानसशास्त्राचा वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टेस्ट मुलाला कुठे आणि काय मदत लागेल हे शोधायला वापरली तर ती बऱ्यापैकी न्याय्य असते. तीच टेस्ट रांग लावायला वापरली, की वरचे आत आणि खालचे बाहेर, तर ती न्याय्य राहत नाही, प्रश्न अगदी तेच असले तरी. आणि हे माझ्या मनचं नाही, ज्या माणसाने ही टेस्ट पहिल्यांदा बनवली त्याचंही जवळपास हेच म्हणणं होतं.

पॅरिसमध्ये १९०४ साली सरकारने एक समिती नेमली होती, कारण शाळा सक्तीची झाल्यावर वर्गात अशी मुलं येऊ लागली ज्यांना नेहमीच्या शिकवण्याने काही जमत नव्हतं, आणि ती कोण हे मास्तरांच्या मर्जीवर सोडायचं नव्हतं. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी त्यासाठी ३० छोटी छोटी कामं बनवली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. हेतू एवढाच की ज्याला जास्त लक्ष द्यायला पाहिजे ते मूल सापडावं आणि त्याला वेगळं शिकवावं. बुद्धी म्हणजे जन्मजात ठरलेला न हलणारा साठा, ही कल्पना बिनेला अजिबात मान्य नव्हती, १९०९ मध्ये त्याने तिच्यावर कडक टीका केली, आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी लक्ष, स्मरण, निरीक्षण सुधारायचे व्यायामसुद्धा तयार केले. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला, म्हणजे मूल कितव्या वर्षाच्या मुलांची कामं करू शकतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली, १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्याला १०० ने गुणलं, आणि झाला आपला आयक्यू. एका मुलाला नेमकं काय जमत नाहीये याची जी तपशीलवार नोंद होती तिचा एक आकडा झाला, आणि आकडा झाला की लोक तुलना करणारच.

पुढे अमेरिकेने जे केलं ते वाचून आजही राग येतो. १९१७-१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या भरतीत सुमारे १७ लाख जणांची टेस्ट घेतली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी टेस्ट होती, चित्रात काय राहिलंय ते काढा म्हणून. आता त्यातलं एक चित्र टेनिस कोर्टचं, नेट नसलेलं. एक फोनोग्राफचं, कर्णा नसलेलं. इटलीच्या किंवा पोलंडच्या खेड्यातून बोटीने नुकताच उतरलेला शेतमजूर, त्याने टेनिस कोर्ट आयुष्यात बघितलेलं नाही, तो नेट कुठून काढणार? पण त्याला शून्य, आणि शून्य म्हणजे मंदबुद्धी. या आकड्यांवर कार्ल ब्रिगहॅमने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं की अमुक वंशाचे लोक कमी बुद्धीचे, आणि परदेशातून येणाऱ्यांवर बंधनं घाला म्हणणाऱ्यांच्या हातात ते आयतंच पडलं. १९२४ मध्ये तसा कायदाही झाला. १९३० मध्ये ब्रिगहॅमनेच छापून सांगितलं की आपले निष्कर्ष बिनबुडाचे होते. तोपर्यंत दारं बंद झालेली होती.

बरं बिनेच्या टेस्टमध्ये तरी सगळं धुतल्या तांदळासारखं होतं असंही नाही. १९०८ च्या आवृत्तीत लहान मुलांना बायकांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून यातली सुंदर कोण असं विचारत. खेळताना एखाद्याने तुला चुकून मारलं तर तू काय करशील, असाही एक प्रश्न होता आणि अपेक्षित उत्तर माफ करेन असं. आता हे उत्तर कुठल्या घरातलं मूल पटकन देईल आणि कुठल्या गल्लीतलं मूल आधी दोन लावून देईन म्हणेल ते आपल्याला माहितीये, आणि ते दुसरं मूल कमी बुद्धीचं असतं असं त्याच्याबरोबर तासभर घालवलेला माणूस तरी म्हणणार नाही.

मी शनिवार-रविवारी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या काही मुलांचा अभ्यास घेते. त्यातली एक मुलगी सणासुदीला आईबरोबर गजरे विकायला बसते. एका बाईंनी दोन मोठे घेतले तीसचे आणि तीन छोटे पंधराचे, दोनशेची नोट दिली, तर ही क्षणात म्हणाली, "काकू पाच सुट्टे द्या, मी शंभर देते." कागद नाही, बोटं नाहीत. हीच मुलगी स्कॉलरशिपच्या दिशेच्या प्रश्नाला अडली. अमुक माणूस उत्तरेला पाच किलोमीटर गेला, डावीकडे वळला, तीन किलोमीटर गेला वगैरे. ती उठली, दारात गेली आणि मला विचारलं, "ताई, इथून उत्तर कुठंय?" मी हात करून दाखवलं, मग तिने स्वतः तसं तोंड केलं, डावीकडे वळली, परत वळली आणि बरोबर उत्तर दिलं. क्लासला जाणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात की कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, विषय संपला. हिला ते कोणी सांगितलंच नव्हतं, तिच्यासाठी उत्तर म्हणजे खरीखुरी उत्तर होती. परीक्षेच्या हॉलमध्ये उठून दारात जाता येत नाही. मग तिथे ती चुकली असती आणि आपण लिहिलं असतं की अवकाशीय क्षमता कमी.

एका मुलीवरून एवढं बोलू नये हे बरोबर आहे, पण हे फक्त तिचं नाही. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा. ही पोरं गिऱ्हाइकाचा किचकट हिशोब डोक्यात करायची, पण तेवढंच अवघड गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलं की बरीचशी अडायची. आणि जी मुलं नुसती शाळेत जातात, बाजारात काम करत नाहीत, त्यांचं बरोबर उलटं, कागदावरचं त्यांना जास्त जमायचं आणि बाजारातला हिशोब नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांबाबत १९८५ मध्ये असंच दिसलं होतं, धंद्यातले हिशोब जवळजवळ सगळे बरोबर आणि तीच गणितं कागदावर आकड्यात दिली की निम्मीसुद्धा नाहीत. दोन्हीकडे बुद्धी आहेच. टेस्टने त्यातली कागदावरची उचलली आणि तिलाच बुद्धी म्हटलं.

अजून एक गोष्ट आहे जी आपण महाराष्ट्रात तरी विसरता कामा नये. तमिळनाडूत ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. ऊस जायच्या आधी, म्हणजे हात अगदी रिकामा असताना, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर, अशी दोन वेळा त्याच शेतकऱ्यांची आकृत्यांची टेस्ट घेतली, ज्यात भाषा लागत नाही आणि म्हणून जी सगळ्यात निःपक्ष मानतात तसली. पैसे आल्यावर तेच शेतकरी जास्त चांगली सोडवत होते. माणूस तोच, डोकं तेच, फक्त उधारीचा घोर कमी झालेला. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर वाद झालेत, तरी ज्याने कधी फी भरायच्या शेवटच्या तारखेला परीक्षा दिलीये त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आता आपल्याकडे बीड, नगरकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबं घ्या, दिवाळीच्या सुमाराला निघतात ती उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या आवारात पालावर राहतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत यांच्या मुलांच्या या सगळ्या परीक्षा येतात. ते मूल आणि पुण्यात डेक्कनला बाराही महिने एकाच टेबलावर बसून अभ्यास करणारं मूल एकाच मेरिट लिस्टमध्ये टाकायचं आणि वर म्हणायचं की पेपर तर दोघांना सारखाच होता!

आणि जात. उत्तर प्रदेशातल्या गावांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात काय ते पुकारलं नाही तेव्हा दलित मुलं आणि वरच्या जातीची मुलं यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली आणि मग कोडी दिली, तर दलित मुलांची कामगिरी घसरली. पाच मिनिटांत कोणाची बुद्धी कमी होत नाही. त्या मुलांना आपल्याकडे कसं बघितलं जाणार हे माहीत होतं, बस.

मग टेस्ट बंदच करायच्या का? इथे माझं आणि माझ्या बऱ्याच मित्रमंडळींचं जमत नाही. मी म्हणते बंद करू नका. कारण टेस्ट काढली की त्या जागी माणसाची नजर येते, आणि माणसाची नजर टेस्टपेक्षा जास्त पक्षपाती असू शकते. वर्गातल्या बाई हुशार कोणाला म्हणतात? जो पहिल्या बाकावर बसतो, स्वच्छ बोलतो, ज्याचे आईवडील मीटिंगला येऊन इंग्रजीत प्रश्न विचारतात त्याला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी आधी शिक्षक किंवा पालक शिफारस करायचे आणि मग टेस्ट व्हायची. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची एक छोटी टेस्ट घ्यायला सुरुवात केली, आणि अचानक गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं कितीतरी जास्त संख्येने सापडली, जी इतकी वर्षं तिथेच वर्गात बसलेली होती पण कोणी त्यांचं नावच सुचवत नव्हतं. नंतर खर्चाच्या कारणाने ते आवरतं घेतलं तेव्हा फरक परत पहिल्यासारखा झाला. त्यामुळे टेस्ट गरिबांच्या विरोधातच असते असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं. तिथे टेस्ट सगळ्यांना होती, शाळेतच होती, फुकट होती, आणि तिच्यासाठी कोणी अर्ज करावा लागत नव्हता.

आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा शाळेने, तोही ज्यांची 'निघेल' असं वाटतं त्यांचाच भरायचा. मी अशी शाळा बघितलीये जिथे पंचवीस-तीस जणांच्या वर्गात पाच-सहाच फॉर्म भरले, बाकीच्यांमुळे निकालाची टक्केवारी पडते म्हणून. म्हणजे टेस्टच्या आधीच माणसाच्या नजरेची चाळणी लागली आणि टेस्टचा जो एकमेव मोठा फायदा होता तोच गेला.

नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांचं, त्या मानाने मला बरं वाटतं. तिथेही सहावीच्या प्रवेशाला ८० प्रश्नांची परीक्षा आहे, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, तिथेही क्लासचा सुळसुळाट आहे, पण निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना राखीव आहेत. आपल्या जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला आहे. टेस्टचा आकडा सगळ्यांना एकाच पट्टीने लावता येत नाही हे सरकारने नियमातच मान्य केलंय. मग बाकी ठिकाणी तेवढं मान्य करायला काय हरकत आहे?

मोठ्यांच्या परीक्षेत तर पुण्याने ही लढाई रस्त्यावर बघितलीये. यूपीएससीने २०११ मध्ये पूर्व परीक्षेत सीसॅट आणला आणि मागोमाग २०१३ मध्ये एमपीएससीनेही. तर्कशक्ती, आकडेमोड, उताऱ्यांचं आकलन, ८० प्रश्न, २०० मार्क. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या आर्ट्सच्या मुलांचं, खेड्यातून आलेल्या मुलांचं म्हणणं होतं की हा पेपर इंजिनिअरिंगवाल्यांना आयता जातो, आम्ही इतिहास-राज्यशास्त्र कितीही केलं तरी तिथे मार खातो. मेसचा डबा दोघांत खाऊन दिवस काढणारी ही पोरं होती, त्यांचं ऐकायला वर्षं लागली. यूपीएससीने २०१५ मध्ये तो पेपर फक्त ३३ टक्क्यांची पात्रता म्हणून ठेवला, एमपीएससीला तसं करायला २०२२ उजाडलं. मला ही तडजोड योग्य वाटते. एवढं किमान जमलंच पाहिजे असं म्हणणं रास्त आहे, अधिकाऱ्याला तक्ता वाचता आला पाहिजे, उताऱ्यातून अर्थ काढता आला पाहिजे. पण १४० वाला १२० वाल्यापेक्षा चांगला तहसीलदार होईल असं या पेपरावरून सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर मेरिट लावू नये.

हे मार्कांच्या फरकाचं जरा समजून घ्यायला पाहिजे. व्यवस्थित, एकेका मुलासमोर बसून, तज्ज्ञाने घेतलेल्या चाचणीतसुद्धा स्कोअर चार-पाच अंकांनी इकडे तिकडे होऊ शकतो हे मानसशास्त्रज्ञ स्वतः रिपोर्टमध्ये लिहितात. आज १०३ तर महिन्याने ९९ किंवा १०७. मग हॉलमध्ये एकदम शंभर पोरं बसवून, ओएमआर शीटवर गोळे काळे करायला लावून घेतलेल्या परीक्षेत एका प्रश्नाच्या फरकाने एक यादीत आणि एक बाहेर, याला बुद्धीतला फरक कसं म्हणणार? आणि मग चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवरच्या मुलाचं कौतुक व्हावं, त्याने कष्ट केलेत, पण त्याच सोसायटीतलं दोन मार्कांनी राहिलेलं मूल रोज त्या फ्लेक्सखालून शाळेत जातं आणि दहाव्या वर्षी ठरवून टाकतं की आपल्याला डोकं नाही. मी असं ठरवून बसलेली मोठी माणसं बघितलीयेत, चांगली कर्तबगार, अजून म्हणतात माझी स्कॉलरशिप नव्हती आली.

आपल्याकडे खरं तर या बाबतीत चांगला वारसा आहे. मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिनेच्या चाचणीचं रूपांतर डॉ. कामतांनी केलं, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशकं दवाखान्यांमध्ये वापरली गेली. १९६२ मध्ये पुण्यात अप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था काढली, आणि तिथल्या मानसशास्त्र विभागाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या सिद्धांतावर काम केलं, ज्यात बुद्धीचा एकच आकडा नसून अनेक वेगवेगळ्या क्षमता असतात, आणि एका प्रश्नाची अनेक उत्तरं सुचणं हीसुद्धा बुद्धीच मानतात. म्हणजे एकच बरोबर पर्याय काळा करायच्या पलीकडे बघणारे लोक याच शहरात कित्येक दशकांपूर्वी होते. ते मोठ्या प्रमाणावर सरकारी परीक्षेत कधी आलंच नाही, कारण तसल्या उत्तरांची तपासणी मशीनवर होत नाही, माणूस लागतो आणि पैसा लागतो.

जुन्या चाचण्या तशाच वापरण्याचाही एक धोका आहे आणि त्याची झळ सगळ्यात गरजू मुलांना बसते. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिनने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की पिढ्यांगणिक लोकांचे स्कोअर वाढत जातात, दशकाला साधारण तीन अंक. त्यामुळे जुन्या काळातल्या मुलांच्या सरासरीवर आजच्या मुलाला मोजलं तर त्याचा आकडा फुगून येतो. ज्या मुलाला खरंच मदतीची गरज आहे, ज्याचा आकडा नव्या मोजमापाने ७० च्या खाली आला असता, त्याचा जुन्यावर ७८ येतो, आणि प्रमाणपत्र, सवलत, खास शिक्षक सगळं हातचं जातं. बिनेने ज्या मुलासाठी हा सगळा खटाटोप केला होता तेच मूल सुटतं.

मला काय हवंय ते सांगते. झेडपीच्या आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेत दुसरी-तिसरीत सगळ्या मुलांची, शाळेच्या वेळात, मुलाच्या घरच्या बोलीत समजावून चाचणी घ्या, फी नाही, फॉर्म नाही. आधी दोन-तीन दिवस सगळ्यांना सारखाच सराव द्या, म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूला उत्तर दिशा असते हे सगळ्यांनाच कळेल. निकाल वर्गशिक्षकाच्या हातात द्या आणि त्यात आकड्याऐवजी या मुलाला आकृत्या जमतात पण सूचना वाचून समजत नाहीत, ऐकून समजतात, असं लिहा. रँक काढू नका. जागा कमीच असतील तर एका किमान पातळीच्या वरच्या सगळ्या मुलांना पात्र धरा आणि त्यातून चिठ्ठ्या काढा, आरटीईच्या २५ टक्के जागांची लॉटरी आपण काढतोच आहोत. चिठ्ठीत हरलेलं मूल नशिबाला बोल लावेल, आपण बुद्धू आहोत असं तरी समजणार नाही.

आणि ज्या पालकांना आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा आयक्यू काढून घ्यायचाय, हल्ली असे फोन मलाही येतात, त्यांनी चाचणी घेणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी कुठल्या साली आणि कुठल्या मुलांवर प्रमाणित केलीये, ती माझ्या मुलाच्या भाषेत घेणार का, आणि आकडा आल्यावर त्याच्यासाठी तुम्ही काय वेगळं करणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पैसे देऊ नका, उठून या.